सूचक : आप्पासाहेब मगदूम

“आण ती वही इकडं,” शाहीर म्हणाले आणि खिशातनं नवा कोरा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. मला तिथंच कळायला पाहिजे होतं की आता आपलं काही खरं नाही.

नाही कळलं. कारण मी दमले होते. म्हणजे किती दमले होते सांगू, महोत्सव बारा दिवसांवर आलेला आणि कुणी कधी स्टेजवर जायचं हे अजून ठरायचं होतं. मी सकाळपासून चार घरी जाऊन चार माणसांना “चार वाजता या हं, नदाफ मास्तरांकडं” असं सांगून आलेले. फोनवर सांगितलं की येत नाहीत, दारात जाऊन सांगितलं तरच बोलावल्यासारखं वाटतं. तर चार वाजता आम्ही पाचजण स्टँडमागं नदाफ मास्तरांच्या बँडच्या खोलीत बसलेलो. भिंतीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घातलेले ट्रम्पेट, खाली सतरंजी, मधे मोठा ढोल आडवा टाकलेला, तेच आमचं टेबल. वही त्या ढोलावर.

गडहिंग्लजमध्ये तेव्हा आमच्या पाच मंडळांचा मिळून एक जोडसंघ होता. भजनी मंडळाचे आप्पासाहेब मगदूम, चौऱ्याहत्तर वर्षांचे, कारखान्यातनं रिटायर झालेले. शाहिरी पथकाचे शाहीर यल्लाप्पा नाईक. ब्रास बँडचे उस्मान नदाफ मास्तर. झिम्मा-फुगडी मंडळाच्या शालन काकी, ज्या प्रत्येक बैठकीला भाजी निवडायला घेऊन यायच्या. आणि हौशी नाटकवाल्यांची मी, कारण बाकीच्यांना नोकऱ्या होत्या आणि मी बी.ए. करून घरात होते. बावीस वर्षांची.

या संघाला अध्यक्ष नव्हता. मुद्दाम नव्हता. आधीचा संघ होता ना, त्याला अध्यक्ष होता, उपाध्यक्ष होता, आणि तो पत्रिकेवर पहिलं नाव कुणाचं यावरनं मोडला होता. मोडला म्हणजे आप्पा आणि शाहीर, पहिलीपासनं एका बाकावर बसलेली माणसं, सहा वर्षं बोलली नाहीत. त्या सहा वर्षांत शाहिरांच्या बायको गेल्या. आमच्या गावात कुणीही गेलं तरी पुढं आप्पांचं भजन असतं, ते काय सांगावं लागत नाही. पण शाहिरांनी निरोप दिला नाही आणि आप्पा निरोपाशिवाय गेले नाहीत. नदाफ मास्तर सांगायचे, “आप्पासाब कोपऱ्यावर उभे होते गं, पिशवीत टाळ घेऊन. समोरनं नेलं. उभेच राहिले.”

म्हणून नवा संघ करताना ठरलं, मोठा कोणच नाही. पाचांचं एकमत झालं तरच निर्णय. आणि वही माझ्याकडं, कारण माझं अक्षर चांगलं.

आता एकमत. तुम्ही कधी अशा बैठकीला बसलायत काय? तीन तास. पहिला अर्धा तास मागच्या वेळी कोण काय बोललं त्यावर. मग चहा. मग शाहीर चिडणार, मग आप्पा गप्प होणार, मास्तरांना कुणाच्यातरी वरातीचा फोन येणार, काकी म्हणणार माझा भात राहिलाय, आणि सगळे उठणार. काहीच न ठरता उठणार, आणि प्रत्येकाला वाटणार की ठरलं. मी घरी येऊन वही उघडायचे. बैठकीत मी नुसती टिपणं घ्यायचे, पक्कं घरी लिहायचे आणि पुढच्या महिन्यात सगळे त्यावर सह्या करायचे. पहिल्यांदा खरंच मुद्दाम नाही केलं. मी विचार केला की हे सगळे जर अजून दहा मिनिटं बसले असते आणि जरा शांत असते तर काय ठरलं असतं? आणि ते लिहिलं. पुढच्या महिन्यात वही फिरली, पाच सह्या झाल्या, आणि काम मार्गी लागलं. भांडण नाही, काही नाही. मग मी परत लिहिलं. मग दर महिन्याला.

दोन वर्षं. दोन महोत्सव झाले, लोक म्हणाले असं कधी झालं नव्हतं.

तर शाहिरांचा मोतीबिंदू काढून पंधरा दिवस झालेले. चष्मा लावला आणि म्हणाले, “दोन वर्षं आंधळ्यानं सही ठोकलीय. आता बघू तरी कशाकशावर ठोकलीय.”

“ओ शाहीर, आधी क्रम ठरवूया की,” मी म्हटलं. “बारा दिवस राहिले.”

“क्रम कुठं पळून जातोय? बस.”

आणि पहिल्या पानापासनं मोठ्यानं वाचायला लागले. शाहीर माणूस, त्यांना हळू वाचायला येतच नाही. कानावर हात तेवढा ठेवला नव्हता. “पत्रिकेवर पाचही मंडळांची नावे गोलात छापावीत, जेणेकरून पहिले नाव कोणाचेच राहणार नाही. सूचक, आप्पासाहेब मगदूम. अनुमोदक, उस्मान नदाफ. सर्वानुमते मंजूर.”

थांबले. चष्म्यावरनं बघितलं. “आप्पा, हे तू सुचवलंस?”

आप्पांनी खिशातनं कसलीतरी चिठ्ठी काढली, बघितली, परत ठेवली. “असंल,” म्हणाले.

“असंल म्हणजे? गोलाचं मी बोललो होतो. सगळ्या गावाला सांगितलंय मी, गोल माझा हाय म्हणून.”

“मला तर वाटलं काकींचं हाय,” नदाफ मास्तर म्हणाले. “बायकांचं डोकं वाटलं मला ते. रांगोळीसारखं.”

“मी कशाला बोलू?” काकी घेवड्याच्या शिरा काढत म्हणाल्या. “त्या दिवशी मी आलेच नव्हते. माझ्या सुनेचं बाळंतपण होतं.”

खाली काकींची सही होती. शाहिरांनी सही बघितली, काकींकडं बघितलं आणि पान उलटलं.

“समारोपाचा मान दरवर्षी एका मंडळास आळीपाळीने देण्यात यावा, यंदा झिम्मा-फुगडी मंडळ. सूचक, आप्पासाहेब मगदूम.” परत थांबले. “ह्या दिवशी तर लाईट गेली होती. आपण अंधारात भांडत बसलो होतो आणि मास्तर वरातीला गेला. हे ठरलं कधी?”

काकींनी पुढची शेंग घेतली.

“शाहिरी कार्यक्रम दीड तासाऐवजी पन्नास मिनिटांचा करण्यात यावा. सूचक, आप्पासाहेब मगदूम.” आता आवाज बदलला. शाहिरांनी चष्मा काढला. “म्हणजे तू कापलास काय माझा टाइम? आणि मला माझ्या पोरांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आप्पा असं करणार नाही. परत नाही करणार.”

आप्पा नुसते ढोलाकडं बघत बसलेले. आणि मला दिसलं की हे मोडतंय. माझ्यासमोर, माझ्या अक्षरात मोडतंय. सहा वर्षं परत. मी गप्प बसले असते तर आप्पांनी तेही अंगावर घेतलं असतं, ते तसेच होते. मला बोलावंच लागलं.

“ठरलं नव्हतं,” मी म्हटलं. “शाहीर, यातलं काहीच ठरलं नव्हतं. मी घरी जाऊन लिहिलंय.”

“काय लिहिलंस?”

“सगळं. दोन वर्षांचं. बैठकीत काहीच ठरायचं नाही म्हणून मी लिहायचे. योग्य वाटंल ते. आणि आप्पांचं नाव घालायचे, कारण आप्पांचं नाव असलं की कोण वाद घालत नाही.”

बाहेर स्टँडवर चंदगडची गाडी लागल्याचं पुकारत होते, ते सगळं ऐकू आलं.

पहिले नदाफ मास्तर हसले. मग त्यांनाच कळलं हे हसायचं नाही, आणि थांबले. शाहीर म्हणाले, “म्हणजे अध्यक्ष नको नको म्हणत आम्ही दोन वर्षं तुझ्या हाताखाली होतो.”

“तसं नव्हतं हो.”

“मग कसं होतं? आम्ही इथं बसून घसा कोरडा करायचा आणि हिनं घरी जाऊन ठरवायचं. आम्ही काय तुझ्या नाटकातली माणसं काय गं?”

“माझी मात्र काय तक्रार नाही,” काकी म्हणाल्या. “मला तेव्हाच वाटलं होतं, एवढ्या शहाण्यासारखं आपलं कधी ठरतंय? पण समारोप आम्हाला मिळाला होता. मी कशाला बोलू?”

“बघा,” शाहीर म्हणाले. “ह्यांना ठाऊक होतं. मास्तर, तुला?”

मास्तरांनी मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही. शाहीर उठले. चप्पल शोधायला लागले. चप्पल दारात होती पण नवा चष्मा हातातच राहिलेला, त्यामुळं दिसंना. मी त्यांच्यामागं उठणार एवढ्यात आप्पा म्हणाले, “यल्ल्या, बस.”

तशी हाक मी कधी ऐकलीच नव्हती. शाहीर दारातच उभे राहिले.

आप्पांनी वही ओढून घेतली. हळूहळू पानं उलटली. बोट ठेवलं. “हे मी सुचवलं नव्हतं?”

“नाही आप्पा.”

पुढचं पान. “हे?”

“नाही.”

“भजन सकाळच्याऐवजी सांजचं, हे?”

“नाही. तुम्ही त्या दिवशी काहीच बोलला नव्हता.”

“बोललो नव्हतो ना?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि देवाशपथ सांगते, चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. अशी अकरा पानं झाली. अकरा ठिकाणी मी त्यांना सूचक केलेलं. अकरा वेळा मी नाही म्हटलं.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि आतल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून ढोलावर ठेवल्या. कॅलेंडरच्या पानाचे बारीक बारीक तुकडे. गॅस बंद केला. कुलूप लावलं. गोळी घेतली, सकाळची. रविवार चार वाजता बैठक, नदाफकडं. एकावर तर नातवंडांची नावं होती, ओळीनं, मोठ्यापासनं धाकट्यापर्यंत.

“मी दर वेळी वाचून सही करायचो,” आप्पा म्हणाले. “वाचायचो आणि माझंच नाव. सूचक म्हणून. आणि मला काय केल्या आठवायचं नाही मी असं बोललो म्हणून. बाकी सगळे सही करायलेत, म्हणजे बोललो असणार. मग घरी जाऊन रात्रभर आठवत बसायचो.”

काकींच्या हातात शेंग तशीच.

“बेळगावला जाऊन आलो दोनदा. पोराला सांगितलं सोयरिकीचं बघायला चाललोय. तिथल्या डॉक्टरांनी मशीनमध्ये घातलं डोकं. म्हणाले, वयाचं आहे, काय दिसत नाही. मला वाटलं सांगत नाहीत.” एक चिठ्ठी बोटानं सरळ केली. “पुढं उभं राहून अभंग धरायचा म्हणजे पाठ पाहिजे, यल्ल्या. मधेच विसरलो तर मागं वीस माणसं उभी. म्हणून पुतण्याला पुढं केला.”

गेल्या श्रावणापासनं आप्पा मागं बसून नुसते टाळ वाजवायचे. सगळ्यांना सांगायचे घसा बसलाय. मी स्वतः त्यांना ज्येष्ठमध नेऊन दिलेलं. दोनदा.

“पोरी,” ते मला म्हणाले, “मला वाटलं मी चाललो.”

मी रडले वगैरे नाही. मला रडायलाही येईना. मी नुसती त्या चिठ्ठ्यांकडं बघत बसले.

शाहीर दारातनं परत आले आणि आप्पांच्या शेजारी बसले. खोकले. म्हणाले, “लाईट गेली होती त्या दिवशी काय झालं होतं, आठवतंय तुला?”

“न आठवायला काय झालं? तू कप आपटलास. निळ्या फुलांचा. मास्तर म्हणाला सेटमधला आहे. मग त्याला लिंगनूरच्या वरातीचा फोन आला. काकींनी गवारी आणली होती.”

“गवारीच,” काकी म्हणाल्या. “आमच्या परड्यातली.”

“आणि त्याच्या आधल्या बैठकीत?”

“त्याच्या आधल्या बैठकीत तू आलाच नव्हतास. आणि ह्या तेजूला ताप होता, तरी वही घेऊन येऊन बसली होती. काय ठरलं नाही. मास्तरनं नवीन क्लॅरिनेट वाजवून दाखवलं.”

सगळं आठवत होतं हो त्यांना. बैठका एकवीस, आणि एकेका बैठकीत कोण कुठं बसलं होतं ते. मी केलेल्या अकरा गोष्टी सोडल्या तर त्या माणसाला सगळं आठवत होतं.

“लिही,” शाहीर मला म्हणाले. “नवीन पानावर. तो सांगंल तसं.”

मी लिहायला घेतलं. आप्पा सांगायचे, मी लिहायचे. अमुक तारीख, हजर अमुक, चर्चा झाली, निर्णय झाला नाही. निर्णय झाला नाही. निर्णय झाला नाही. हात भरून आला, मास्तरांनी दोनदा चहा केला, काकींचा घेवडा संपला आणि मग त्या नुसत्याच बसून राहिल्या, भात राहिलाय म्हणाल्या नाहीत. दिवेलागणीपर्यंत एकवीस बैठका लिहून झाल्या. नामावळीचा गोल तेवढा खोडू नका असं शाहिरांनी सांगितलं. “तो माझा हाय,” म्हणाले. यावर मात्र एकमत झालं.

मी पेन आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी लगेच सही केली नाही. आधी खाली, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली. *वरील सर्व मला आठवते.* आणि मग सही.

त्या साली क्रम काय ठरलाच नाही. गेल्या वर्षीचाच ठेवला, कारण भांडायला अंगात त्राण नव्हतं कुणाच्या. शाहीर पन्नास मिनिटांच्या जागी पावणेदोन तास गायले. आप्पा पुढं उभे राहिले, अभंगांची वही समोर ठेवून. एकदाही तिच्याकडं बघितलं नाही, पण ठेवली होती.

आणि बैठकीची वही माझ्याकडनं काढून घेतील असं वाटलं होतं, तर नाही. “तूच लिही,” शाहीर म्हणाले. “आता तू खोटं लिहायला भिशील. दुसरा नवीन असंल.” तेव्हापासनं जे झालं तेच लिहिते. बैठका तीन-तीन तास चालतात, पानंच्या पानं ‘निर्णय झाला नाही’. कंटाळा येतो. खरंच येतो. आणि दर वेळी शेवटी आप्पांची ती ओळ, आणि सही.

हे सगळं का सांगितलं, तर मागच्या डिसेंबरात जे झालं त्यामुळं.

त्या दिवसाला पाच वर्षं झालेली. आदल्या महिन्यात एक गोष्ट खरंच ठरली होती. माळावर धूळ फार होते, महोत्सव हायस्कूलच्या पटांगणात घ्यावा. अडीच तास भांडून, शाहिरांचा विरोध मोडून, आप्पांनीच ठरवून घेतलं होतं. स्वतः. मी वाचून दाखवत होते, “महोत्सव हायस्कूलच्या पटांगणात घेण्यात यावा. सूचक, आप्पासाहेब मगदूम.”

“मी?” आप्पा म्हणाले. “मी कधी म्हणालो?”

मी वर बघितलं. आप्पा खरंच विचारत होते. डोळ्यांत काही नव्हतं, त्या बैठकीतलं काहीच नव्हतं. काकींचे हात मेथीत थांबले. शाहिरांनी चष्मा काढला.

मग आप्पा हसायला लागले. बोट नाचवत म्हणाले, “तेजू, परत सुरू केलंस काय गं?”

मी काकींकडं बघितलं. मास्तर खाली बघत होते.

“व्हय आप्पा,” मी म्हटलं. “चुकलं माझं. घरी जाऊन लिहिलं.”

“पाच वर्षं झाली तरी सवय जात नाही हिची,” शाहीर म्हणाले. आवाज जरा फाटला होता, पण मोठा काढला त्यांनी. “खोड ते. खोड आधी. पटांगण कसलं? महोत्सव माळावरच होणार. मी असेपर्यंत माळावरच.”

मी खोडलं. आणि शाहिरांनी परत सगळं पहिल्यापासनं सुरू केलं. तेच मुद्दे, तोच राग, माळाचं वारं आणि डफाचा आवाज. मास्तरांनी मधे तेच सांगितलं की वाऱ्यानं सूर उडतो. काकी म्हणाल्या बायकांना माळावर आडोसा नाही. आप्पा तापले आणि म्हणाले, धुळीत गाऊन गाऊन माझा घसा गेलाय, हायस्कूलचं पटांगण घ्या की. अडीच तास. मागच्या महिन्यापेक्षा दहा मिनिटं जास्तच.

“सूचक कोण घालू?” मी विचारलं.

“घाल की माझं,” आप्पा म्हणाले. “आता म्हणालोय ना मी.”

मी लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या. शेवटी पेन आप्पांकडं गेलं, त्यांनी चष्मा नीट केला, वरनं खालपर्यंत सगळं वाचलं, आणि खाली लिहिलं, *वरील सर्व मला आठवते.*